टीव्हीला जोडलेल्या घरच्या पीसीसाठी रिमोट कोणता घ्यावा? बाबांना वापरायचाय

मावळतीची_गॅलरी
नमस्कार मंडळी. आमच्याकडे गोरेगावला एक जुना डेस्कटॉप आहे, तो हॉलमधल्या टीव्हीला एचडीएमआयने जोडलाय. त्यात माझ्या बाबांचा सगळा खजिना आहे, म्हणजे रेडिओवरून कॅसेटवर उतरवून घेतलेली नाट्यपदं, कीर्तनं, भावाच्या मुंजीची आणि आमच्या लग्नाची व्हीएचएस, असं बरंच काही. मी आणि नवऱ्याने मिळून ते सगळं हार्डडिस्कवर चढवलं आणि विंडोजवर कोडी (गाणी, व्हिडिओ यादीतून निवडून लावायचं सॉफ्टवेअर) टाकून दिलं. चित्र छान दिसतं, आवाज छान येतो, पण चालवायचं कसं हा प्रश्न आहे.

सध्या वायरलेस माउस आहे. बाबा ७८ वर्षांचे, हात किंचित थरथरतो, सोफ्यावर बसून मांडीवर माउस फिरवणं त्यांना जमत नाही आणि ते जमावं अशी अपेक्षा करणंही मला बरोबर वाटत नाही. मग नातवाला हाक मारतात, आणि तो क्लासला गेला असेल तर गाणं ऐकायचं राहूनच जातं. स्वतःची गाणी स्वतःच्या घरात ऐकायला दुसऱ्याची वाट बघावी लागते याचं मला फार वाईट वाटतं.

मला एवढंच हवंय की रिमोट हातात घेतला, बटण दाबलं, पीसी जागा झाला, बाणांनी यादीत खाली गेलं, ओके दाबलं, गाणं सुरू. मोबाइलवरचं अ‍ॅप नकोय. कोणी असं केलंय का, काय घ्यावं, मुंबईत कुठे मिळेल? आणि खिडकी पश्चिमेला आहे, संध्याकाळी ऊन थेट टीव्हीवर येतं, तेव्हा सेट टॉप बॉक्सचा रिमोटसुद्धा नीट चालत नाही, त्याचाही काही संबंध आहे का ते सांगा.

पार्ल्याचा_पंखा
एअर माउस घ्या, विषय संपला. रिमोटच्या आकाराचा असतो, हवेत हलवला की स्क्रीनवर बाण हलतो, मागे छोटा कीबोर्ड पण असतो. यूएसबी डोंगल लावायचा की चालू, काही इन्स्टॉल करायला नको. २.४ गिगाहर्ट्झवर चालतो त्यामुळे उन्हाबिन्हाचा काही संबंध नाही, टीव्हीच्या दिशेने धरायची पण गरज नाही.

लोकलमधला_वाचक
एवढी खटपट कशाला, टीव्हीला मागे लावायची एक स्ट्रीमिंग स्टिक घ्या किंवा टीव्हीच्याच यूएसबीला हार्डडिस्क लावा. टीव्हीचा रिमोट आहेच की.

मावळतीची_गॅलरी
लोकलमधला_वाचक, हार्डडिस्क टीव्हीला लावून बघितली. जुन्या व्हीएचएसच्या कॉप्या एव्हीआयमध्ये आहेत, त्यातल्या काही टीव्ही उघडतच नाही, आणि गाण्यांची यादी टीव्हीवर फारच ओबडधोबड दिसते. कोडीवर मी प्रत्येक फोल्डरमध्ये गायकाचा फोटो फोल्डर डॉट जेपीजी नावाने ठेवलाय, त्यामुळे बाबा नाव न वाचता चेहरा बघून निवडतात. ते सोडायचं नाहीये.

पार्ल्याचा_पंखा, हात थरथरतो त्याचं काय?

सोल्डरगन
ताई, थरथरत्या हातात एअर माउस देऊ नका. त्यात जायरोस्कोप असतो, हात जितका हलतो तितका बाण हलतो. घ्यायचाच तर हवेतला माउस बंद करून नुसते बाण आणि ओके वापरता येईल असा बघा, बहुतेक मॉडेलवर त्यासाठी एक बटण असतं. पण मग साधा रिमोट का नको?

जरा मुळापासून सांगतो. घरातले बहुतेक रिमोट इन्फ्रारेड असतात. पुढच्या एलईडीतून ९४० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश निघतो, जो आपल्याला दिसत नाही, आणि तो साधारण ३८ किलोहर्ट्झने लुकलुकत असतो. टीव्हीतला रिसीव्हर नेमकं तेच लुकलुकणं ओळखतो आणि बाकीचा प्रकाश सोडून देतो. पीसीला असा डोळाच नसतो. तो बाहेरून लावायचा, एवढंच आहे.

मी सुचवीन फ्लर्क. छोटा यूएसबी डोंगल आहे. त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये स्क्रीनवर बाण दिसतो, तुम्ही हातातल्या कुठल्याही रिमोटचं बटण त्याच्यासमोर दाबायचं, तो शिकतो. मग ते बटण दाबलं की पीसीला वाटतं कीबोर्डची की दाबली. शिकवलेलं सगळं डोंगलच्या आतच साठतं, म्हणून उद्या पीसी बदलला किंवा लिनक्स टाकलं तरी परत शिकवावं लागत नाही. कोडी कीबोर्डवर अख्खं चालतं: बाण, एंटर, मागे जायला बॅकस्पेस, थांबवायला स्पेस, बंद करायला एक्स. एवढ्या किया शिकवल्या की बाबांचं काम झालं.

उन्हाचा संबंध आहे. सूर्यप्रकाशात इन्फ्रारेड भरपूर असतं. ते लुकलुकत नसलं तरी रिसीव्हर दिपतो आणि लांबून आलेली रिमोटची झुळूक त्याला कळत नाही. फ्लर्क यूएसबी एक्स्टेंशनवर घेऊन टीव्हीच्या खाली, सावलीत, चिकटवून टाका. यूएसबी २ ची साधी केबल ५ मीटरपर्यंत चालते.

पावसाळी_छत्री
पण एचडीएमआय सीईसी (टीव्हीच्या रिमोटचे हुकूम एचडीएमआयच्या केबलमधूनच जोडलेल्या यंत्राला जातात ती सोय) असताना वेगळा रिमोट कशाला? माझ्याकडे रास्पबेरी पाय म्हणजे तळहाताएवढा छोटा संगणक आहे, त्यावर लिब्रएलेक (फक्त कोडी चालवायला बनवलेलं लिनक्स) टाकलंय, टीव्हीचाच रिमोट कोडी चालवतो. काहीही विकत घेतलं नाही. टीव्हीच्या सेटिंगमध्ये फक्त चालू करायचं. सॅमसंगवर त्याला अ‍ॅनीनेट प्लस म्हणतात, एलजीवर सिंपलिंक, सोनीवर ब्राव्हिया सिंक. प्रत्येकाने वेगळं नाव दिलंय म्हणून लोकांना सापडत नाही.

सोल्डरगन
पायवर बरोबर आहे. एचडीएमआयच्या १९ पिनांपैकी १३ नंबरची पिन सीईसीची, आणि पायमध्ये ती जोडलेली असते. डेस्कटॉपच्या ग्राफिक्स कार्डांत ती बहुतेक वेळा जोडलेलीच नसते, त्यामुळे टीव्हीने कितीही हाका मारल्या तरी पीसीपर्यंत पोचत नाहीत. त्यासाठी पल्स-एट कंपनीचा एक वेगळा यूएसबी अडॅप्टर येतो, तो एचडीएमआयच्या मध्ये लावतात. काम चोख करतो पण बाहेरून मागवावा लागतो आणि त्या किमतीत पायचं निम्मं काम होतं.

पावसाळी_छत्री
मग डेस्कटॉपच काढून पाय ठेवा ना. वीज पण कमी खाईल, पंख्याचा आवाज पण नाही. कीर्तन ऐकताना मागे पीसीचा पंखा घरघरत असेल तर मजा जाते.

मावळतीची_गॅलरी
हा मुद्दा आवडला. पण हा डेस्कटॉप मुलगा अभ्यासालाही वापरतो, सध्या तो काढता येणार नाही.

अंधेरी_पूर्व
माझं मत वेगळं आहे. मोबाइलला एवढं का टाळताय? कोडीचं स्वतःचं कोर नावाचं अ‍ॅप आहे, फुकट आहे. सेटिंगमध्ये सर्व्हिसेसच्या खाली कंट्रोलमध्ये एचटीटीपीवरून रिमोट चालू करायचं, पासवर्ड द्यायचा, फोन त्याच वायफायवर हवा, झालं. गायकांचे फोटो फोनवरच दिसतात, टीव्हीपर्यंत बघायची पण गरज नाही. शोधायचं असेल तर टाइप करता येतं, जे कुठल्याही रिमोटवर वैताग आहे. आता सगळे ज्येष्ठ व्हॉट्सअ‍ॅप चालवतात, त्यांना कमी लेखू नका.

कुलाब्याची_वेधशाळा
कमी लेखायचा प्रश्न नाहीये हो. माझ्या आईला दिसत नाही फारसं, ग्लॉकोमा. टीव्ही ती ऐकते. रिमोट मात्र तिला पाठ आहे, अंगठा गोल बटणावर गेला की तिथून वर आवाज, खाली चॅनल, सगळं बोटांना माहीत. फोनची काच सगळीकडे सारखीच लागते, बोटाला काही सांगत नाही. शिवाय फोन लॉक होतो, मध्येच कॉल येतो, चार्जिंगला आतल्या खोलीत असतो. रिमोट सोफ्याच्या हातावर असतो आणि तिथेच असतो. आईसाठी मी फ्लर्कच लावलंय, आणि ओकेच्या बटणावर नेलपेंटचा एक जाड थेंब वाळवून ठेवलाय. ती रात्री अंधारात उठून अभंग लावते, मला उठवत नाही. तो आनंद तिचा तिला मिळतो, मला तेवढं पुरे.

अंधेरी_पूर्व
हे पटलं. फोन काच आहे हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. तरी घरातल्या बाकीच्यांसाठी अ‍ॅप ठेवाच, दोन्ही एकाच वेळी चालतात, एकमेकांना अडवत नाहीत.

आणि अ‍ॅप जोडलं जात नसेल तर राउटरमध्ये गेस्ट नेटवर्क किंवा आयसोलेशन चालू आहे का बघा. ते चालू असलं की वायफायवरची यंत्रं एकमेकांना दिसत नाहीत.

रविवारचा_पोहेवाला
आमच्या घरी रिमोटला "कुठंय रे" असंच नाव आहे, दिवसभर तेवढंच ऐकू येतं.

जुना_शिवाजीपार्क
उन्हाचा विषय निघालाच आहे तर एक मजेदार गोष्ट. १९५५ साली अमेरिकेत झेनिथ कंपनीने फ्लॅशमॅटिक नावाचा रिमोट काढला, यूजीन पॉली या इंजिनिअरने बनवलेला. तो म्हणजे चक्क टॉर्च होता. टीव्हीच्या चार कोपऱ्यांत प्रकाश ओळखणारे सेल, टॉर्चचा झोत ज्या कोपऱ्यावर माराल ते काम व्हायचं. आणि घरात ऊन आलं की टीव्ही आपोआप चॅनल बदलायला लागायचा! म्हणून पुढच्याच वर्षी, १९५६ ला, त्याच कंपनीच्या रॉबर्ट अ‍ॅडलर यांनी स्पेस कमांड आणला. तो अल्ट्रासाउंडवर चालायचा, आत अ‍ॅल्युमिनियमच्या दांड्या आणि त्यांच्यावर आपटणारी छोटी हातोडी. त्यात बॅटरी नव्हतीच. इन्फ्रारेड नंतर आलं, आणि ३८ किलोहर्ट्झचं लुकलुकणं हे त्या उन्हाच्या दुखण्यावरचंच औषध आहे, जे गोरेगावच्या पश्चिमेच्या खिडकीला अजून पुरं पडत नाहीये.

आपल्याकडे मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं तेव्हा एकच चॅनल, रिमोट हवा कोणाला होता.

पार्ल्याचा_पंखा
वा, माहिती मस्त. पॉली आणि अ‍ॅडलर दोघांचंही नाव आज कोणाला माहीत नसतं आणि रोज हातात मात्र त्यांचंच काम असतं.

बाय द वे एअर माउसवाल्यांसाठी एक सूचना, कारण मी अजूनही माझाच वापरतो आणि मला आवडतो. डोंगल यूएसबी ३ च्या निळ्या पोर्टजवळ लावला तर बाण अडखळतो. यूएसबी ३ चा गोंगाट बरोब्बर २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात जातो, इंटेलने स्वतः २०१२ मध्ये त्यावर पेपर काढला होता. डोंगल एक्स्टेंशनवर थोडा लांब घ्यायचा, लगेच सुधारतो. लोक रिमोट खराब म्हणून परत करतात आणि तो बिचारा ठीक असतो.

हिरवं_बटण
आम्ही विंडोज मीडिया सेंटरच्या जमान्यातले. तो हिरव्या बटणाचा एमसीई रिमोट, दाबला की सोफ्यावरून अख्खा पीसी टीव्ही होऊन जायचा. विंडोज १० ला मीडिया सेंटर काढून टाकलं याचं दुःख अजून आहे. पण जुना एमसीई रिमोट आणि त्याचा यूएसबी रिसीव्हर कोणाकडे पडला असेल तर टाकू नका. विंडोज आजही तो ओळखतं, लिनक्समध्ये तर कर्नेलमध्येच, म्हणजे गाभ्यातच, ड्रायव्हर आहे, आणि कोडीला त्याची बटणं माहीत आहेत. ताईंनी आधी ओळखीपाळखीत विचारावं, कोणाच्या माळ्यावर निघेल.

सोल्डरगन
हिरवं_बटण यांना अनुमोदन. फक्त तो जुना रिसीव्हर आरसी६ भाषेतले रिमोट समजतो म्हणून त्याच्यासोबत त्याचाच रिमोट लागतो, विंडोजवर तरी. फ्लर्कला कोणताही चालतो.

लॅमिंग्टनची_फेरी
मुंबईत कुठे, हे कोणी सांगितलंच नाही म्हणून लिहितो. फ्लर्क ऑनलाइनच मागवा. एअर माउस आणि जुने रिमोट मात्र ग्रँट रोडला लॅमिंग्टन रोडवर जाऊन हातात घेऊन बघा, बटण किती दाबावं लागतं ते फोटोत कळत नाही. स्टेशनच्या पूर्वेला उतरलात की चालत जाता येतं. तिथे नुसते रिमोट विकणारी दुकानं आहेत, कुठल्याही जुन्या डीव्हीडी प्लेयरचा रिमोट मिळतो. रविवारी बरीचशी बंद असतात.

आणि कोणता रिमोट घ्यायचा तर असा घ्या की ज्या कंपनीचं यंत्र तुमच्या घरात एकही नाही. नाहीतर सेट टॉप बॉक्सचा रिमोट फ्लर्कला शिकवाल आणि खाली बाण दाबला की कोडीची यादी पण सरकेल आणि बॉक्सचा चॅनल पण बदलेल. प्रत्येक रिमोट आपल्या सिग्नलमध्ये यंत्राचा पत्ता पाठवतो, घरात त्या पत्त्यावर दुसरं कोणी राहत नसलं पाहिजे. दुकानात रिमोट चालू आहे का बघायला फोनचा सेल्फी कॅमेरा उघडा आणि रिमोटचं तोंड त्याच्याकडे करून बटण दाबा, एलईडी जांभळट लुकलुकताना दिसेल. मागच्या कॅमेऱ्याला फिल्टर असतो म्हणून त्यात पुष्कळदा दिसत नाही.

मुलुंडचा_मधला
ज्यांना हाताने करायची हौस आहे त्यांच्यासाठी: फ्लर्क घरी बनवता येतं. अर्ड्विनो प्रो मायक्रो (आपण प्रोग्राम लिहून चालवायचा छोटा बोर्ड) घ्यायचा, त्यातली ३२यू४ चिप यूएसबीवर थेट कीबोर्ड म्हणून बोलते (उनो बोर्ड हे करत नाही, दुकानदार तोच हातात देतो, घेऊ नका), त्याला तीन पायांचा टीएसओपी हा इन्फ्रारेड रिसीव्हर जोडायचा, आयआररिमोट लायब्ररीने कोड वाचायचे आणि कीबोर्डची की पाठवायची. मी माझ्या भाच्यांना सुट्टीत हाच प्रोजेक्ट करायला लावला, दोघांनी मिळून केला आणि त्यांच्या आजीकडे विलेपार्ल्याला तो अजून चालतोय. मुलांनी बनवलेली वस्तू आजी वापरते यासारखं शिकवणं दुसरं नाही.

सावध राहायची जागा एकच. टीएसओपी १७३८ आणि टीएसओपी ३८२३८ दिसायला जुळे, पण पायांचा क्रम वेगळा आहे. १७३८ ला पहिला पाय ग्राउंड, ३८२३८ ला पहिला पाय आउटपुट. उलटं लावलं तर रिसीव्हर जळतो. आणि १७३८ ला ५ व्होल्ट लागतात, ३८२३८ ला ३.३ पण चालतात, म्हणून रास्पबेरी पायला जोडायचा असेल तर ३८२३८ च घ्या, रास्पबेरीच्या पिनांना ५ व्होल्ट सहन होत नाहीत.

रविवारचा_पोहेवाला
मला यातलं "उलटं लावलं तर जळतो" एवढं पक्कं कळलं, पोह्यांनाही तेच लागू आहे.

चाळकरी
अवांतर: रिमोट घ्याल पण त्याची निगा राखा. मुंबईच्या दमट हवेत सेलचे स्प्रिंग हिरवे पडतात. रिमोट महिनोन्महिने वापरणार नसाल तर सेल काढून ठेवा. काही बटणं दाबून दाबून चालेनाशी झाली तर रिमोट फेकू नका, उघडून रबराच्या बटणांखालचे काळे ठिपके आणि खालची पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, तेलकट थर बसलेला असतो. आणि ते जे प्लास्टिकचं कव्हर आपण घालतो ना, त्यावरून हसू नका कोणी, भजीचा हात लागणाऱ्या घरात ते हवंच.

लोकलमधला_वाचक
धागा वाचून मत बदललं नाही पण सुधारलं. ओटीटी बघायचं असेल तर स्टिकच ठेवा. पीसीवर बहुतेक ब्राउझरमध्ये कॉपी रोखायचं संरक्षण नुसतं सॉफ्टवेअरच्या पातळीवरचं असतं म्हणून बऱ्याच सेवा चित्र कमी दर्जाचं देतात, आणि त्या साइटी रिमोटच्या बाणांवर चालवायला बनवलेल्याच नाहीत. स्वतःच्या फायली पीसीवर, बाकी स्टिकवर, टीव्हीला एचडीएमआय दोन असतातच.

मावळतीची_गॅलरी
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. कुलाब्याची_वेधशाळा, तुमचा प्रतिसाद बाबांना वाचून दाखवला, ते म्हणाले त्यांच्या आईला माझा नमस्कार सांग.

फ्लर्क मागवलं, लॅमिंग्टन रोडवरून मोठ्या बटणांचा एक डीव्हीडीचा रिमोट आणला, आमच्याकडे त्या कंपनीचं काही नाही. शिकवणं खरंच सोपं निघालं, आणि टीव्हीखाली सावलीत लावल्यावर संध्याकाळी पण चालतंय. नको असलेली बटणं शिकवलीच नाहीत, त्यामुळे चुकून दाबली तरी काही होत नाही. बाबा बाणांनी स्वतः फिरतात.

एकच राहिलंय, पीसी झोपवला की रिमोटने उठत नाही. माउसने पण नाही. केसचं बटण दाबावं लागतं, ते टेबलाखाली आहे, बाबांना वाकावं लागतं.

सोल्डरगन
हे सुटेल. दोन जागा बघा. विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजर, कीबोर्ड्समध्ये फ्लर्क एचआयडी कीबोर्ड म्हणून दिसेल, प्रॉपर्टीज, पॉवर मॅनेजमेंट, तिथे या यंत्राला संगणक जागा करू द्या अशी खूण करा. ती आधीच असेल तर गडबड बायोसमध्ये (पीसी सुरू होताना उघडतात त्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) आहे. तिथे ईआरपी नावाचा पर्याय शोधा, वीज वाचवायला तो यूएसबीचा स्टँडबाय पुरवठाच तोडतो. डोंगलला वीजच नाही तर तो उठवणार कसा. ईआरपी बंद करा. एखादा वायरचा माउस लावून पीसी झोपलेला असताना त्याच्याखालचा लाल दिवा चालू राहतो का बघा, राहिला तर पुरवठा येतोय.

मावळतीची_गॅलरी
ईआरपीच होता! बंद केला, आता रिमोटचं बटण दाबलं की उठतो. पण बाबांनी कोडीच्या मेनूतून बंद केलं की तो झोपत नाही, पूर्णच बंद होतो, मग परत टेबलाखालीच.

हिरवं_बटण
कोडीच्या सेटिंग्जमध्ये सिस्टिम, त्यात पॉवर सेव्हिंग, तिथे शटडाउन फंक्शन आहे ते सस्पेंडवर, म्हणजे झोपवण्यावर, ठेवा. मग फ्लर्कच्या सॉफ्टवेअरमध्ये रिमोटचं लाल बटण सस्पेंडला आणि एखादं वेगळं बटण जागं करायला शिकवा, एकाच बटणावर दोन्ही ठेवलं तर दोनदा दाबलं गेल्यावर पीसी उठून परत झोपतो. आणि मुलाला सांगा अभ्यास झाला की विंडोजमधून शटडाउन करू नकोस, स्लीपच कर.

मावळतीची_गॅलरी
करते आज रात्री. मुलाला सांगितलं, तो म्हणतो पॉवरचं बटणच स्लीपला जोडून टाकतो, म्हणजे विसरायला नको.